कुऱ्याचं बंड आणि थंड झालेला च्या

हे लिहिणारच नव्हतो. चूक माझी होती, आणि आपली चूक आपणच टाईप करत बसायची म्हणजे लई कसंतरी होतं. पण विरेश म्हणला, लिही. म्हणून लिहायलोय.

मी आदिनाथ. राहतो कुंभारीत, जुळे सोलापुरात मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. इतिहास तेवढा सुटला नाही. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसतो, आणि रविवारी शटर अर्धं ओढून मोबाईलवर एपिसोड रेकॉर्ड करतो. जगातली बंडं, हा विषय. ऐकणारे दोनशेच्या आसपास. त्यातला एक विरेश.

विरेश मंद्रूप गावचा. कॉलेज सुटल्यावर आयटीआयला आम्ही एका बाकावर. आता तो जॉर्डनमध्ये, इरबिद शहराजवळ कपड्याच्या कारखान्यात शिलाई मशीनचा मेकॅनिक आहे. गेला तेव्हा चार महिने रडायचा. फोनवर नाही, फोन ठेवल्यावर. त्याच्या "ठेवतो बे" वरनं मला कळायचं.

मग कारखान्याच्या गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनशी त्याची गट्टी जमली. अबू फारिस. दर शुक्रवारी सुट्टीला म्हातारा त्याला आपल्या घरी न्यायला लागला, कुरा नावाच्या डोंगरात. ऑलिव्हची झाडं, विस्तवावरची कॉफी, अंगणभर नातवंडं. निघताना म्हातारी लोणच्याची बरणी द्यायची. विरेश मला म्हणला होता, "आद्या, हितं एक मंद्रूप सापडलं बग."

मला वाटलं, ह्या कुऱ्यावरच एपिसोड करू. विरेशला सरप्राईज.

गोष्ट पण भारी होती. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी जॉर्डन नदीच्या पलीकडं एक अमीर, म्हणजे राजा, बसवला. अमीर अरबच, पण पैसा इंग्रजांचा, विमानं इंग्रजांची. कुऱ्याचे लोक म्हणले, इरबिदच्या कचेरीला आम्ही कर देत नाही. १९२१ ला अमीराची माणसं चालून गेली, कुऱ्यानं त्यांना हाणून परत पाठवलं. दोन वर्षांनी फौज परत आली, ह्या वेळी डोक्यावर इंग्रजांची विमानं घेऊन. बंड मोडलं. त्याच साली अदवान नावाची टोळी अम्मानवर चालून गेली, त्यांच्यापुढं इंग्रजांच्या चिलखती गाड्या आल्या. ते पण मोडलं.

मला जे वाचायला मिळालं ते सगळं इंग्रज अधिकाऱ्यांच्या बाजूचं. त्यावर मी माझं तिखटमीठ टाकलं. "लुटारू टोळ्या", "कर बुडवणारे डोंगरी दरोडेखोर" असलं. आवाज जड करून. ऐकायला लई भारी वाटलं मला.

एपिसोड टाकला, पण विरेशचा मेसेज आला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मी समजलो, कामात असेल.

त्याची आई, नागव्वाकाकू, दुकानात आली मोबाईलची काच बदलायला. बसल्या बसल्या म्हणली, पोरगं शुक्रवारचं कुटं जायना झालंय, खोलीतच पडून असतंय, तुला काय बोललाय का.  तिथंच फोन लावला.

विरेश आधी टाळायला लागला. मग सांगितलं. माझा एपिसोड त्यानं आधी न ऐकताच, मोठ्या अभिमानानं शुक्रवारच्या जेवणानंतर सगळ्या घरापुढं लावला होता, माझ्या दोस्तानं तुमच्या गावावर केलाय म्हणून. आणि मोडक्यातोडक्या अरबीत वाक्याला वाक्य सांगत गेला. "लुटारू" हा शब्द आला तशी त्याची जीभ अडकली. पण थांबला तर खोटं ठरेल म्हणून तेही सांगितलं. अबू फारिस उठला. कॉफीचं भांडं उचलून आत गेला. त्याचा आजा त्या बंडात होता. पुढच्या शुक्रवारी गेटवर विरेशला कुणी हाक मारली नाही.

मी म्हणलं, अरे पण मी कागदात होतं तेच बोललो.

विरेश शांतपणे म्हणला, "हुतात्मा चौकातनं रोज गाडी घालतोस की बे. ती चौघं इंग्रजांच्या कागदात कोण होती?"

 सोलापुरात १९३० ला मार्शल लॉ लागला, पुढच्या वर्षी चौघांना फाशी दिली, हे मी शाळेत भाषणात बोलून पेन मिळवलेलं पोरगं. आणि मीच कुऱ्याच्या लोकांना लुटारू म्हणलो.

एपिसोड उडवतो म्हणलं. तो म्हणला, उडवून काय होत नाही, माफी मागायची इथं रीत आहे. एकट्यानं जायचं नसतं, वडीलधारं माणूस पुढं लागतं. गेलं की कॉफी समोर ठेवतात. तुमचं म्हणणं मान्य होईपर्यंत कपाला हात लावायचा नाही.

आता वडीलधारं माणूस म्हणजे नागव्वाकाकूच. शुक्रवारी दुकान बंद ठेवून मंद्रूपला गेलो. काकूला सगळं सांगितलं. कपाचं तेवढं सांगायचं राहिलं. कॉफी नव्हती, तिनं घट्ट च्या केला, आलं ठेचून. मी तो समोर ठेवला, मोबाईल लोटीला टेकवला आणि व्हिडिओ कॉल लावला.

तिकडं विरेश आणि त्यानं विनवून बसवलेला अबू फारिस, त्याच्याच अंगणात. पांढरी दाढी, डोळे थेट माझ्यावर. मी बोलायला लागलो, विरेश सांगायला लागला. म्हणलं, मी तुमच्या माणसांना न बघता नावं ठेवली. ज्यांनी विमानं पाठवली त्यांचंच ऐकून बोललो. माझं चुकलं, पण त्याचा राग माझ्या दोस्तावर काढू नका.

विरेशचं अरबीत सांगणं चालू होतं. इकडं काकूचं लक्ष कपावर. साय धरायला लागली होती. तिच्या घरी आलेलं माणूस च्या न पिता बसलं म्हणजे तिचा अपमान.

"कुडी की यप्पा," ती कानडीत म्हणली. पी की. मी मान हलवली. कप पुढं सरकवला, मी मागं सारला. मग तिचा आवाज चढला. "आमच्या घरचा च्या कडू लागतोय व्हय तुला? दोन वर्सं पोराच्या नावानं हितं जेवतूयास, आनी आज च्या नगो?"

अबू फारिसनं विचारलं, ती बाई कोण आणि का ओरडायली. विरेशनं सांगितलं, माझी आई, तिला रीत माहीत नाही. म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला आला. आतनं म्हातारी बघायला आली.

मग तो सावकाश बोलला, विरेशनं एकेक वाक्य मला दिलं. "विमानं आली तेव्हा माझा बाप आठ वर्षांचा. आजीनं त्याला ऑलिव्हच्या झाडाखाली आडवं केलं आणि वर आपण पडली. ते झाड आहे अजून. तुझा दोस्त त्याच्याच सावलीत जेवतो. हे पण सांग तुझ्या लोकांना. आणि आता पी, आईला ताटकळत ठेवू नको."

मी प्यालो. गारढोण, वरनं साय. आयुष्यात इतका चांगला च्या प्यालो नाही. काकूनं कप हातातनं घेतला आणि पुटपुटली, थंड करून प्यायचा व्हता तर आलं कशाला ठेचायला लावलं.

तिकडं अंगणात कॉफी ओतायला लागले होते. विरेशनं मोबाईल जरा बाजूला नेला. डोळे पुसत होता, ह्या वेळी कॉल चालू असताना.

"परत कर एपिसोड," म्हणला.

मी म्हणलं, "करतो. झाडापासनं सुरू करतो. आधी तुला पाठवीन, तू त्यांना ऐकव, म्हातारा हो म्हणला तरच टाकीन. आणि दर शुक्रवारी तू तिकडं जेवायला बसलास की मी हितं तुझ्या आईकडं येऊन च्या पिईन. गरम. शब्द दिला बे."