माल खराब, मशीन बंद

सिनेमावाले सुरतेला लिंबायतेत आले तेव्हा त्यांना ज्याने त्याने एकच नाव सांगितलं. चंचलआक्कांच्या म्हातारपणाबद्दल विचारायचं असेल तर योगराजआप्पांना गाठा, तेच रोज दुपारी त्यांच्याकडे पेपर वाचायला जायचे. हे कानावर आलं तेव्हा 'घरी नाहीत म्हणून सांग' असं आप्पा सुनेला सांगणार होते. त्यांचं निम्मं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात गेलं होतं, उरलेलं पुस्तकांत, आणि या दोन्ही ठिकाणी माणसाला तोंड फारसं उघडावं लागत नाही. पण सुनेने, सुषमाने, तोवर पाहुण्यांना खुर्च्या देऊन चहा टाकलाही होता.

चंचलआक्का धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन सुरतेत आल्या आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत खात्यात बॉबिन भरायला बसल्या. शेडमध्ये बायकांसाठी संडास हवा म्हणून त्यांनी पहिल्यांदा मशिनी बंद पाडल्या. मग पगारवाढीसाठी पाडल्या, मग नगरसेवक झाल्या, मग दोनदा आमदार. मशिनींच्या आवाजाने कान गेले ते ऐन उमेदीतच. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या आणि आता त्यांच्यावर सिनेमा निघत होता.

आप्पांना धास्ती होती ती एकाच गोष्टीची. पुढाऱ्यांवरचे सिनेमे त्यांनी टीव्हीवर पुष्कळ पाहिले होते. पुढारी तरुण असेतोवर त्याच्या वाट्याला मोर्चे, भाषणं आणि तुरुंग येतात. म्हातारा झाला की एक खिडकी, एक शाल आणि खोकला. केसांना पांढरा रंग फासला की डोक्यातलं राजकारण जणू धुऊनच निघतं. मग तो जुन्या फोटोवरून हात फिरवतो, नातवाचं नाव विसरतो आणि प्रेक्षक रुमाल काढतात. म्हातारं माणूस हट्टाला पेटतं, भांडतं, समोरच्याचा डाव ओळखतं, हे कोणी दाखवत नाही. आपल्याला सिनेमातलं काय कळतंय, असंही आप्पांना लगोलग वाटायचं. तरी आक्कांचं डोकं शेवटपर्यंत ताळ्यावर होतं, एवढं एक पडद्यावर दिसावं, ही इच्छा काही त्यांच्या मनातून जाईना.

त्याला कारणही तसंच होतं. मरायच्या आदल्या वर्षी आक्कांचा जाहीर सत्कार झाला. त्यांचा भाचा चेतन तोवर नगरसेवक झाला होता. भाषणात तो म्हणाला, लूमची खाती लिंबायतेतून हलवून पलसाण्याला हायवेवर न्यायची आहेत आणि या कामाला आत्यांचा आशीर्वाद आहे. आक्कांना ऐकू येत नव्हतं, पण ओठ वाचता येत होते. व्यासपीठावरच्या खुर्चीतून त्यांनी भाच्याच्या तोंडाकडे बघितलं, हात वर केला, हवेत कापड धरल्यासारखी बोटं चोळली आणि झटकली. मग मूठ वळून मनगट खाली फिरवलं. खात्यात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, तिथे सगळे असेच बोटांनी बोलतात. समोर बसलेल्या जुन्या कारागिरांनी ते वाचलं: माल खराब, मशीन बंद कर. ते खो खो हसले, टाळ्या पिटल्या.

चेतन इंग्रजी शाळेतला, खात्यात त्याने कधी पाय ठेवला नव्हता. पण हसणं कशाचं आहे हे ओळखायला खात्यात जावं लागत नाही. 'आत्यांना बरं नाही,' असं माइकवर सांगून त्याने त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून आक्कांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं गावभर झालं. वेड्या बाईच्या नकाराला कोण विचारतो? खाती पलसाण्याला गेली.

हे सगळं आप्पांनी सिनेमावाल्यांना सांगितलं, पण आपल्या पद्धतीने, अर्धं गिळून. पेपरवाचनाचं सांगितलं. आक्कांना अक्षरओळख जेमतेम होती, म्हणून आप्पा समोर बसून आवाज न काढता नुसत्या ओठांनी बातम्या वाचायचे आणि आक्का मध्येच हाताने अडवून मंत्र्यांची उलटतपासणी घ्यायच्या. साखरेच्या आजाराचं सांगितलं, चहातल्या साखरेवरून होणाऱ्या भांडणांचं सांगितलं. खाती हलवणं आक्कांना पटलं नव्हतं, हेही सांगितलं. डायरेक्टर तरुण होता, मुंबईचा, बोलायला गोड. तो म्हणाला, "हो काका, चेतनभाईंनी त्या सत्काराचा व्हिडिओ दिलाय. फार हलवून टाकणारा आहे."

बोटांच्या बोलण्याचं तेवढं आप्पांनी सांगितलं नाही. लपवायचं काही नव्हतं, पण ते वेगळं सांगावं लागेल असं त्यांना सुचलंच नाही. आपण हाताने जेवतो हे पाहुण्याला कोणी सांगत बसतं का?

सिनेमातला सत्काराचा प्रसंग सुरतेबाहेर इच्छापोरच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये उभा केला होता. आप्पांना गाडी पाठवून बोलावून घेतलं आणि एका छोट्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर आक्कांचं काम करणारी नटी होती, आक्कांचीच हिरवी नऊवारी, आक्कांचंच ठसठशीत कुंकू. आवाज नव्हता. तिने हात वर केला, बोटं चोळली, झटकली, मूठ फिरवली. मुंबईच्या त्या पोरीने व्हिडिओ पाहून पाहून इतकं अचूक उचललं होतं की आप्पांना आक्काच समोर बसून बोलताहेत असं वाटलं. त्यांचे डोळे भरून आले.

"काका, बरोबर वाटतंय?" डायरेक्टरने विचारलं.

"अगदी बरोबर," आप्पा म्हणाले. "अशाच होत्या."

डायरेक्टर त्यांच्या पाया पडला. आप्पा समाधानाने घरी आले, आणि त्या रात्री सुषमाने वाढलेल्या भाकरीपेक्षा एक भाकरी जास्त जेवले.

सिनेमाचा पहिला खेळ उधन्याकडच्या मॉलमध्ये खास लिंबायतेतल्या लोकांसाठी ठेवला होता. आप्पांच्या शेजारी त्यांचा खात्यातला जुना जोडीदार मगन बसला होता. त्याचेही कान अर्धे गेलेले, त्यामुळे तो कानात बोलला तरी चार रांगांना ऐकू जायचं.

"भो, इतली थंडी कशाले करतस हाई लोके?" तो म्हणाला. "आक्कानी कधी पंखा बी लाया नही."

"हळू बोल."

"हळूच बोली ऱ्हायनू."

मध्यंतरापर्यंत सगळं छान चाललं. संडासाच्या मागणीला बायकांनी शिट्ट्या मारल्या. मग आक्कांचे केस पांढरे झाले, आणि आप्पा खुर्चीत पुढे सरकले. पहिल्याच दृश्यात खिडकी आली. शाल आली. डॉक्टर आला आणि चेतनचं काम करणाऱ्या देखण्या नटाला बाजूला घेऊन म्हणाला, आता त्यांना काही उमजत नाही, हात असेच थरथरत राहतील, जपा त्यांना. असा डॉक्टर आक्कांच्या उंबऱ्यावर कधी आला नव्हता. आप्पांनी मगनकडे पाहिलं. मगन पडद्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

मग सत्कार आला. भाचा हळव्या आवाजात बोलतो आहे, मागे सारंगी रडते आहे, आणि आक्कांचा हात आपोआप वर जातो. बोटं चोळली, झटकली. मूठ फिरली.

अंधारात इथे तिथे बसलेले जुने कारागीर हसले. त्या दिवशी हसले होते तसेच, पोटातून. मगन तर मांडीवर थाप मारून हसला. पुढच्या रांगेतली एक पोरगी गर्रकन मागे वळली. "काका, शरम नथी आवती?" ती म्हणाली. तिच्या गालांवर पाणी होतं. पडद्यावर भाच्याने आक्कांना मिठीत घेऊन खाली आणलं, आणि थेटरभर नाकं ओढल्याचा आवाज झाला.

मगनचं हसू जिरलं. "आप्पा," तो म्हणाला, "यासनी आक्काले येडी करी टाकं."

आप्पांना शूटिंगचा दिवस आठवला. त्या छोट्या पडद्यावर सारंगी नव्हती, डॉक्टर नव्हता, नुसते हात होते, आणि आपण हातांना बरोबर म्हणालो. आपण शब्द वाचत होतो आणि ती माणसं आजार दाखवत होती.

सिनेमा संपला, दिवे लागले. डायरेक्टर आणि चेतन पुढे उभे राहिले, आणि कॅमेरावाला लोकांचे चेहरे टिपत फिरू लागला. डायरेक्टर म्हणाला, "एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. आक्कांच्या त्या प्रसंगाला काही लोक हसले. म्हातारपण सगळ्यांनाच येणार आहे."

"ऊठ," मगन म्हणाला.

"मी काय बोलू?"

"तू पुस्तकं वाचेल माणूस शे. मी बोलनू तं शिवी निंघी जाई. ऊठ ना भो."

आप्पा उठले. हातात माइक आला. बसल्या बसल्या त्यांनी मनात तीन वाक्यं जुळवली होती. उभं राहिल्यावर त्यातलं एकही सापडेना.

"ते हात," ते म्हणाले. माइकमधून स्वतःचाच आवाज परत आला आणि ते दचकले. "ते हात बरोबर आहेत. पण..."

"हेच योगराजकाका," डायरेक्टर उजळून म्हणाला. "यांनीच सेटवर पाहून मला सांगितलं होतं, अगदी बरोबर, अशाच होत्या. डोळ्यांत पाणी होतं यांच्या. टाळ्या यांच्यासाठी."

टाळ्या पडल्या. आप्पा त्या थांबायची वाट बघत राहिले. "आक्का आजारी नव्हत्या," ते कसेबसे म्हणाले. "त्यांना सगळं समजत होतं. त्या नाही म्हणत होत्या."

लोकांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. क्षणभर आप्पांना वाटलं, पोचलं. तेवढ्यात चेतन चालत त्यांच्यापर्यंत आला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि आप्पांना तेच सगळ्यात जड गेलं.

"आप्पांची माया फार आत्यांवर," चेतन लोकांना म्हणाला. "रोज पेपर वाचून दाखवायचे. आत्यांना ऐकू येत नव्हतं, तरी वाचायचे. अशा माणसाला कसं पटेल? अजून पटत नाही त्यांना."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्या पुढच्या रांगेतल्या पोरीने तर उठून आप्पांचा हात हातात घेतला. आप्पांना सांगायचं होतं की आक्का ओठ वाचत होत्या, बोटं म्हणजे बोलणं होतं, इथल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. पण माइक कधीच पुढे गेला होता आणि कोणीतरी विचारत होतं, गाणी कुठे शूट केली.

"इतलंच?" मगन म्हणाला.

"इतकंच जमलं."

लोक उठायला लागले. तेव्हा थेटरच्या पलीकडच्या टोकाला एक हात वर गेला. प्रमिलाबाई होत्या. आक्कांच्या जोडीने बॉबिन भरायला बसणाऱ्या, आणि आता ठार बहिऱ्या. त्यांना ना डॉक्टर ऐकू आला होता, ना सारंगी, ना चेतन. त्यांनी आप्पांना दुरून बोटांनी सांगितलं: माल चांगला. मग हसत हसत आक्कांची नक्कल केली. बोटं चोळली, झटकली, मूठ फिरवली. सगळ्यांसमोर दाखवलं, बोटांनीच म्हणाल्या. बरं झालं.

आप्पा बघत राहिले. या एवढ्या मोठ्या थेटरात आपल्याला हवा होता तो सिनेमा एकट्या प्रमिलाबाईंनी पाहिला होता. तसंच राहू द्यावं, असं त्यांना वाटलं. पण त्यांचं तोंड बघून प्रमिलाबाईंचं हसू थांबलं. काय झालं, त्यांनी विचारलं.

आप्पांनी पुढे उभ्या असलेल्या दोघांकडे बोट केलं, मग कपाळावर बोट टेकवून फिरवलं. ते म्हणतात, आक्का वेडी.

प्रमिलाबाईंनी आधी दोघांना एक खात्यातली शिवी दिली, जी शब्दांत कोणी देत नाही. मग त्यांचा हात आप्पांकडे वळला. तू सांगितलं नाहीस?

आप्पांनी दोन्ही हात वर केले. सांगायला पुष्कळ होतं. सांगितलं, अर्धं सांगितलं, चुकीच्या वेळी बरोबर म्हणालो, माइक हातात आला आणि शब्द गेले. हे सगळं बोटांत आणायचं तर सुरुवात कुठून करायची ते त्यांना कळेना, आणि इतका वेळ छातीत दाबून धरलेला संताप खांद्यांतून खाली हातांत उतरला.

"काका, हात असेच ठेवा," शेजारून आवाज आला. कॅमेरावाला जवळ येऊन गुडघ्यावर बसला होता. त्याच्या मागे डायरेक्टर श्वास रोखून उभा होता. "खाली घेऊ नका. छान थरथरतायत."

या वेळी ते खरंच थरथरत होते. आप्पांनी थांबवून पाहिले, थांबले नाहीत.

थेटरच्या पलीकडून प्रमिलाबाई डोळे बारीक करून ते हात वाचायचा प्रयत्न करत होत्या. मग त्यांनी मान हलवली. समजलं नाही, त्यांनी बोटांनी सांगितलं. पुन्हा सांग.