सासूबाईंचा घसा

आमच्या डेपोतल्या सर्वांत जुन्या बसला सगळे सासूबाई म्हणायचे, कारण ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा. उताराच्या माथ्यावर ब्रेकला पाय लागला की जी किंचाळी सुरू व्हायची ती खाली हॉस्पिटलच्या स्टॉपवरच थांबायची. त्या हॉस्पिटलात एका पेशंटला कित्येक महिन्यांनंतर शुद्ध आली ती सासूबाईंमुळे. तरी त्याच्या नातेवाइकांनी गाडीविरुद्ध तक्रारच केली. त्यांच्या घरगुती भानगडीत मी पडलो नाही.

सासूबाई चालवायचे माझे बाबा, आणि तिचे ब्रेक बघायचो मी. बापलेक मिळून सासूबाईंची सेवा करतो, असं मी घरी म्हणालो की आई हसायची नाही. तिला खरी सासू मिळाली होती.

मग डेपोला नवे साहेब आले. हातात आवाज मोजायचं यंत्र घेऊन फिरायचे, म्हणून त्यांचं नाव डेसिबलसाहेब पडलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेड मेकॅनिकची शिंक मोजली आणि त्याला तोंडी समज दिली.

"पुढच्या शुक्रवारी त्या जुन्या बसमध्ये मी स्वतः बसणार," त्यांनी जाहीर केलं. "ओरडली तर भंगारात. ड्रायव्हरला बॅटरीवरची नवी गाडी मिळेल. डोळे, कान, सगळी तपासणी होऊन, रीतसर."

नवी गाडी मिळणार म्हणून सगळ्यांनी बाबांची पाठ थोपटली. बाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

घरी येताच त्यांनी माझा दंड धरला. "काहीही कर, पण ही गाडी वाचव."

माझ्या बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर फक्त टीव्हीचा रिमोट, आणि तोही रागावून. त्यामुळे मी कामाला लागलो.

ब्रेकचं माणसासारखंच असतं. दणकून दाबला तर गप्प बसतो, नुसतं गोंजारत राहिलं की किंचाळतो. मी चारी चाकांचे ड्रम उघडले. आतला लायनर, म्हणजे ड्रमवर घासून गाडी थांबवतो तो जाड पट्टा, काचेसारखा चकचकीत झाला होता. ती चकाकी घासून काढली, कडा तासून उतरत्या केल्या, ढिल्या स्प्रिंगा बदलल्या. सासूबाई गाईसारख्या गरीब झाल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हॉस्पिटलचा स्टॉप चुकवला. गाडी पुढच्या फर्निचरच्या दुकानापर्यंत गेली. पायाला प्लास्टर घातलेले एक आजोबा तिथून कुबड्या टेकत मागे आले आणि येताना एका सोफ्याची चौकशीही करून आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा ओरडायला लागली. ड्रम उघडून बघतो तर लायनर परत आरशासारखा. ड्रायव्हर अख्खा उतार ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरला की असं होतं. इतक्या लवकर व्हायला तर तो पाय मुद्दाम ठेवावा लागतो.

"बाबा, तुम्ही ब्रेक घासत गाडी चालवताय."

"पाय माझा आहे."

"पण लायनर डेपोचा आहे. गाडी वाचव म्हणायचं आणि वर आपणच तिला ओरडायला लावायचं? कुठल्या पार्टीत आहात तुम्ही?"

"तू ब्रेकचं बघ," ते भिंतीकडे बघत म्हणाले. मी भिंतीपासून बराच बाजूला उभा होतो. तेव्हा मला वाटलं, रागावलेत.

शुक्रवारी सकाळी मी सगळे लायनर नवे टाकले आणि घरी चहाला आलो. आई टेबलावरचं पाणी पुसत होती. आमच्याकडे हल्ली पाणी पेल्यात कमी आणि टेबलावर जास्त पडायचं.

"आज बघ," मी म्हटलं. "सासूबाई मांजराच्या पावलांनी जाणार. आवाज मुळापासून काढलाय."

आईच्या हातातलं फडकं थांबलं. "सगळा?"

"सगळा."

ती खुर्चीवर बसली. "मग आता ते कशावर चालवतील?"

मी चहा फुंकत होतो. फुंकतच राहिलो.

"डोळ्यांचा मागचा पडदा गेलाय त्यांचा," आई म्हणाली. "दोन्ही. कडेचं दिसतं, समोर सगळा धूर. चष्म्यानं काही व्हायचं नाही म्हणाला डॉक्टर. रस्ता पाठ आहे. उतारावर तो आवाज हॉस्पिटलच्या भिंतीवर आपटून परत येतो ना, तो मोठा झाला की भिंत जवळ आली. त्या अंदाजानं थांबतात."

"आणि हे मला का नाही सांगितलं?"

"तू गाडी अडवली असतीस."

"अडवायलाच हवी होती, आई."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि तेच कोरडं टेबल पुन्हा पुसायला लागली.

मी धावत डेपोत पोचलो तेव्हा बस फाटकातून बाहेर पडत होती. दांड्याला लोंबकळून आत शिरलो. गाडीत फक्त डेसिबलसाहेब, मांडीवर यंत्र घेऊन, तान्ह्या बाळासारखं.

"तू कशाला?"

"ब्रेकवर लक्ष ठेवायला, साहेब," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

बाबांच्या सीटमागे वाकून मी कानात बोललो, "थांबवा गाडी. आईनं सांगितलंय सगळं."

त्यांची मान हलली नाही. "आजचा दिवस निघू दे. मग बघू."

'बघू' हा शब्द तरी त्यांनी वापरायला नको होता.

हे साहेबांना तिथेच सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले की त्यांचं पोक जायचं, ते मला मागून दिसत होतं. खाली उतरले की परत यायचं. मी तोंड उघडायचो आणि मिटायचो, आणि तेवढ्यात उतार लागला.

खाली स्टॉपवर गर्दी होती. बाबांनी ब्रेकला पाय लावला. आवाज आला नाही. माझं काम इतकं चांगलं झाल्याचं मला जन्मात एवढं वाईट वाटलं नव्हतं. त्यांनी पाय उचलला, परत ठेवला, मान तिरकी करून कान पुढे केला. गाडी वेग घेत होती.

"कुठाय रे?" ते पुटपुटले. बाजारात हात सुटलेल्या पोरासारखा आवाज.

मी तोंड उघडलं आणि किंचाळलो.

तो आवाज मला पाठ होता. वर्षानुवर्षं तोच बंद करत आलो होतो. आधी बारीक, मग भिंत जवळ येईल तसा मोठा, शेवटी घोगरा. बाबांचा पाय स्थिर झाला, खाली जात राहिला. गाडी स्टॉपच्या खांबाला लागून उभी राहिली. लोक सवयीनं कानावर हात ठेवून मागे सरकले.

डेसिबलसाहेबांनी यंत्र बघितलं, मग मला बघितलं.

"हा आवाज गाडीचा नव्हता."

"नाही."

"मग गाडी पास आहे." त्यांनी थोडा विचार केला. "पण तू का ओरडलास?"

"पोटात दुखतं त्याच्या," बाबा समोर बघत म्हणाले. "लहानपणापासून."

"समोरच हॉस्पिटल आहे. दाखवून घे," साहेब म्हणाले. "चला ड्रायव्हर, पुढे."

बाबांच्या खांद्यांतून सुटकेचा श्वास गेला, तो मी बघितला. इतके खूश ते माझ्या जन्माच्या वेळीही झाले नसावेत. त्यांनी गिअर टाकला.

बसच्या नाकासमोरून एक नर्स चाकाच्या खुर्चीत एका बाईंना बसवून रस्ता ओलांडत होती. काचेच्या बरोबर मधोमध. बाबांचा पाय ब्रेकवरून उठायला लागला.

मी हात घालून हँडब्रेक ओढला.

"साहेब," मी म्हटलं, "ह्यांना समोरचं दिसत नाही."

नर्सनं हात वर करून आमचे आभार मानले आणि खुर्ची फुटपाथवर चढवली.

बाबांनी किल्ली काढली आणि माझ्याकडे न वळता मागे धरली. मग दांडा चाचपत एकेक पायरी उतरले. मीही किल्ली घेऊन उतरलो. आम्ही स्टॉपवर रांगेत उभे राहिलो. प्रवासी म्हणून ते तिथे पहिल्यांदाच उभे होते. माझ्याशी बोलणार नव्हते हे उघड होतं, पण माझी बाही त्यांनी मुठीत धरली होती.

नव्या बॅटरीवरच्या गाड्यांपैकी एक सासूबाईंना वळसा घालून आली आणि जराही आवाज न करता आमच्यासमोर थांबली. दार उघडलं. लोक चढायला लागले.

बाबा उताराकडे कान लावून उभेच होते.

"आज उशीर झाला वाटतं गाडीला," ते म्हणाले.