गणपतीच्या अंगाचा रंग

काशीबाई माझी सख्खी काकू. हे मी आजही दात खाऊनच सांगते.

पेणजवळच्या हमरापूरला तिच्या नवऱ्याचा, काळुरामकाकांचा गणपतींचा कारखाना होता आणि चौदाव्या वर्षी तिथली डोळ्यांची आखणी मी करायची. बाकीचे मूर्ती घासायचे, रंगवायचे. डोळे मात्र माझेच. त्या वैशाखात माझ्या मानेवर आणि गालावर पांढुरके डाग उठले. काकूनं ते बघितले आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"कोड हाय ह्ये. असल्या हातानं देवाला डोळे काढायचे नाय."

मला घासायला बसवलं, पाण्याचा तांब्याही वेगळा दिला. घासायची मला लाज नव्हती. पण माझ्या जागेवर ती स्वतः बसली आणि तिच्या हातचे गणपती सगळे तिरळे! माझ्या जिवाचा नुसता संताप व्हायचा.

पुढच्या आठवड्यात ठाण्याचा व्यापारी आला. त्याला आखणी माझीच हवी होती, तीही समोर बसून केलेली. काकूची पंचाईत झाली. तिनं मला आत ओढलं आणि डाग झाकायला मूर्तीच्या अंगाचा थिनर घातलेला रंग माझ्या गालामानेला फासला.

"काकू, आग होते गो."

"गणपतीला चालतो त्यो रंग, तुला काय बाधणार? गप बस."

व्यापारी खूश होऊन गेला. संध्याकाळपर्यंत माझा गाल फोडांनी भरला. काकांनी पेणला डॉक्टरकडे नेलं. काकूही आली; काळजीनं नव्हे, मी तोंड उघडेन म्हणून. मी उघडलंच.

"कोड नाही, शिबं आहेत ही," डॉक्टर म्हणाले. "उकाड्याघामानं मुलांना होतात, औषधानं जातात. आणि कोड असतं तरी ते कुणाला लागत नाही. पण हा गाल भाजलाय. याचा डाग राहील."

मग त्यांची नजर काकूच्या पदराखालच्या मानेवर गेली. "तुम्हालाही शिबंच आहेत की. तेच औषध लावा."

परतताना एसटीत काकूनं पदर मानेभोवती घट्ट लपेटून घेतला.

आठ दिवसांनी काकू ब्रश घेऊन माझ्यापुढे आली. दोनशे मूर्ती डोळ्यांवाचून खोळंबल्या होत्या.

"बस गो आखणीला. झालं गेलं सोड आता."

मी अंगाच्या रंगाचा डबा उघडला. "आधी तुझ्या मानेची शिबं झाक. मग बसते."

ती हसली. मी ब्रश रंगात बुडवून तिच्या मानेजवळ नेला. तशी ती पदर आवळून मागं सरकली.

"नको गो! गुदस्ता ह्याच रंगानं माझा हात भाजलाय!"

कारखान्यातले सगळे हात थांबले. काका तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे तिला माहीत होतं. माझ्या गालाला ब्रश लावताना तिला सगळं माहीत होतं.

मी ब्रश तिच्याच हातात ठेवला आणि घरी निघून आले. त्या वर्षी हमरापुरातून दोनशे गणपती तिरळे गेले.