दोन्ही घरचा श्रीपत

अर्नाळ्यात श्रीपतला माणूस समजणारी एकटी त्याची बायको जिजा. बाकी सगळ्यांनी त्याला जनावरांत काढलं होतं. सासू भागूबाई त्याला मांडूळ म्हणे, दोन तोंडांचं. थोरला भाऊ सोनू म्हणे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि आमच्या सरड्याचं कुंपण सासऱ्याच्या दारात. जाळी विणत बसणारी म्हातारी मंडळी तर सरळ धोब्याचा कुत्राच म्हणत, घर का ना घाट का.

दोष काय, तर तो घरजावई होता. जन्मला वरच्या पाड्यात आणि लग्नानंतर राहायला गेला खालच्या पाड्यात, कारण सासरा शत्रुघ्न याला मुलगा नव्हता आणि होडीला हात हवे होते. तेव्हापासून दोन्ही घरांतून विस्तव जात नसे. श्रीपत मात्र सकाळी सासऱ्याच्या होडीवर राबायचा आणि संध्याकाळी आईला भेटायला वर जायचा. जिथे बसेल तिथे जेवायचा आणि समोरचा बोलेल त्याला हो म्हणायचा. नाही हा शब्द त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हता. खरं सांगायचं तर मांडुळाची निम्मी कीर्ती त्याने स्वतःच कमावली होती.

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात उधाणाने समुद्रातले खुंट उखडून नेले. तळात खुंट ठोकायचे, त्यांना डोल जाळं बांधायचं, आणि पाण्याची ओढ मासळी आपणहून आत आणून सोडते. कोळ्याचं पोट त्या खुंटाच्या जागेवर. शत्रुघ्न आणि सोनू यांचे खुंट थोड्या अंतराने होते, दोघांचेही गेले. पुन्हा ठोकायची वेळ आली तेव्हा दोघांनी बोट ठेवलं ते एकाच जागेवर. जिथे ओढ सगळ्यांत जबर, तीच म्हणे दोघांची वाडवडिलांपासूनची जागा.

समुद्रावर कसले बांध आणि कसली कुंपणं. तिथली जागा ओळखायची ती किनाऱ्याच्या खुणांवरून. किल्ल्याचा बुरूज आणि गावातला वाकडा माड एका रेषेत आला की समजायचं, पोचलो. ह्या खुणा दोघांच्याही होडीवर राबलेल्या माणसालाच नीट सांगता येणार, आणि तसा माणूस एकच होता.

निवाड्याला कोळ्यांची जमात बसली. पाटील म्हणाला, "श्रीपत दाखवील ती जागा. दोन्ही घरचा भात खातो तो, कुनाची बाजू घेनार नाय." ज्या गोष्टीसाठी गाव शिव्या देत होतं, तिच्यासाठीच गावाने त्याला साक्षीला उभं केलं. श्रीपतला बरं वाटलं. ते काही फार टिकलं नाही.

भागूबाईने भात वाढता वाढता सांगितलं, "आपली जागा दाखव, नायतर ह्या घराची पायरी चढू नको." सोनूने वाटेत गाठून सांगितलं, "आमची दाखव, नायतर आईच्या मयताला पन येऊ नको."

श्रीपत दोघांनाही हो म्हणाला.

पाटलाच्या होडीत एका टोकाला सासरा, दुसऱ्या टोकाला भाऊ आणि मधे श्रीपत. धुकं आहे, खुणा दिसत नाहीत, असं सांगून वेळ मारून नेण्याचा त्याचा बेत होता. पण त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ की बुरुजावरचं गवत दिसत होतं. माड बुरुजाला येऊन भिडला. पाटलाने विचारलं, "बोल, कुनाची?"

आणि श्रीपतला आठवलं, की ह्या खुणेवर त्याचे बाबा कधी खुंट ठोकायला थांबलेच नव्हते. इथून ते होडी बाहेर काढायचे. सासराही इथूनच काढायचा. त्याने दोघांकडे पाहिलं. दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली.

"यांची नाय, त्याची पन नाय," श्रीपत म्हणाला. "ही होड्यांची वाट हाय. हितं खुंट ठोकला तर अंधारात होडी आपटून कुनाचं तरी पोर मरंल. मामांचा खुंट दक्षिनेला होता, आमचा उत्तरेला."

आयुष्यातलं पहिलं नाही, आणि तेही एकदम दोन.

पाटलाने निकाल दिला, जुन्या जागी ठोका. होडी परत फिरली. शत्रुघ्न, ज्याने इतक्या वर्षांत सोनूशी शब्द काढला नव्हता, पुटपुटला, "तुमच्या घरचं मांडूळ."

"दिलं तवा बरं होतं," सोनू म्हणाला. "तुमच्या भातानं बिघडलं."

शत्रुघ्नला हसू आलं. त्याने विडी पुढे केली, सोनूने घेतली. किनाऱ्याला लागेपर्यंत श्रीपतला शिव्या देण्यात दोघांचं इतकं जमलं की संध्याकाळी सोनू शत्रुघ्नच्या ओटीवर बसून भागूबाईच्या हातचे ओले बोंबील खात होता. दोन्ही घरं एक झाली आणि दोन्हींची दारं श्रीपतला बंद झाली.

तो किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसला होता. जिजा आली. एका हातात भाकरी आणि सुक्या जवळ्याची थाळी, काखेत गुंडाळलेली चटई.

"बरोबर म्हनतात लोक," श्रीपत म्हणाला. "धोब्याचा कुत्रा. घर पन गेलं, घाट पन."

जिजाने थाळी त्याच्यापुढे ठेवली. "ती म्हन कुत्र्यानं नाय केली," ती म्हणाली. "धोब्यानं केली. कुत्रा बिचारा दोनी जागा राखत होता."

मग तिने चटई वाळूवर अंथरली आणि आपल्यालाही जागा व्हावी म्हणून त्याला थोडं सरकायला सांगितलं.