आडवं केलं की दिसतं

चेंगयेनने कॉम्प्युटर जमिनीवर आडवा केला, बाजूची काच काढली आणि ती सोफ्यावर ठेवायला वळला. तेवढ्यात पेइशान सोफ्याच्या बरोबर मधोमध बसली. त्याने काच चपलांच्या फळीवर ठेवली.

"हळू," ती म्हणाली. "आता तो माझा आहे."

"माहीत आहे. सही मीपण केली होती."

घटस्फोटाच्या कागदावर कॉम्प्युटर तिच्या वाट्याला आला होता आणि भाताचा कुकर त्याच्या. कुकर उत्तम चालतोय, हे त्याने दारातून आत येताच सांगितलं होतं.

सकाळपासून स्क्रीन काळी होती. पंखे फिरत होते, प्रोसेसर गार ठेवणारी पाण्याची टाकी निळी चमकत होती, कीबोर्ड सात रंगांत नाचत होता. फक्त चित्र येत नव्हतं. सानचोंग भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारांनी फोटोत आतली पाण्याच्या नळ्यांची वेटोळी पाहिली आणि ज्याने जोडलाय त्यालाच बोलवा म्हणून फोन ठेवले. जोडला होता चेंगयेनने, लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाच्या सुटीत.

त्या काळ्या स्क्रीनमागे लियाओ साहेबांच्या वडिलांचं घर अडकलं होतं. पेइशान मेलेल्या माणसांसाठी जाळायची कागदी घरं आखून द्यायची. थोरले लियाओ जन्मभर स्क्रू बनवून वारले. उद्या त्यांचा विधी होता आणि त्यांच्या मुलाला त्यांच्यासाठी तीन मजले, लिफ्ट आणि पोहण्याचा तलाव हवा होता. कागद कापणारा कारखाना तीन वाजेपर्यंत थांबणार होता. एकटीने उघडलेल्या स्टुडिओचं हे पहिलं मोठं काम. हे हुकलं, तर हिने एका म्हाताऱ्याला परलोकात बेघर केलं ही बातमी सगळ्या देवळांत पोचणार, आणि त्यानंतर या धंद्यात कोणी फोन करत नाही. जुन्या लॅपटॉपवर हे घर उघडलं, तर तो पहिल्या मजल्यावरच मान टाकत होता.

मदरबोर्डवरच्या चार बारीक दिव्यांपैकी चित्राचा दिवा जळतच राहिला होता.

"त्याला चित्राचं कार्ड सापडत नाहीये," चेंगयेन म्हणाला.

"मलाही वाचता येतं. दिव्याखाली लिहिलंय."

"मॉनिटरची वायर सरळ मदरबोर्डला लावून पाहिलीस?"

"तिथून चित्र येणार कुठून? चित्राची सोय नसलेला प्रोसेसर स्वस्त मिळतो म्हणून तूच आणलास. तुला सगळं काहीतरी कमी असलेलंच आवडतं."

"म्हणून तर लग्न केलं."

त्याने कार्ड बाहेर ओढलं. तीन पंख्यांचं, विटेएवढं जड. त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले, परत खाचेत बसवलं, बटण दाबलं. स्क्रीन उजळली. लिफ्ट, तलाव, तलावाकाठी दोन कागदी नोकर.

त्याने कॉम्प्युटर बंद केला, उभा केला, परत चालू केला. काळोख. आडवा केला, तर तलाव. उभा केला, काळोख.

"आडवं केलं की दिसतं," तो म्हणाला. "उभं केलं की नाही."

"आडवा असला की खूश, उभा केला की कामाचा नाही. तुझ्यावर गेलाय. राहू दे तसाच, मला काम करू दे."

"आडवा ठेवला तर पंप हवा गिळतो. थोड्या वेळात प्रोसेसर उकळेल."

टाकीतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि कॉम्प्युटर आपणहून बंद पडला.

"ही टाकी कोणाची हौस होती?"

"तूच म्हणालीस, निळी टाकी छान दिसेल."

"मी माशांच्या टाकीबद्दल म्हणाले होते."

तिचा फोन वाजला. लियाओ साहेब. तिने स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला, जणू तो गरम होता.

"बाई, बाबा वाट बघताहेत."

"होतंच आलंय."

"अभ्यासिकेत कॉम्प्युटर काढलाय ना? त्यावर हिरवं पाकीट पाहिजे. तिकडे बंद पडला तर बाबा कोणाला बोलवणार? वर ठेवा, दिसेल असं."

"ठेवते."

चेंगयेन नाकातून हसला. त्याच्या कंपनीत तपासणीच्या खोलीतल्या प्रत्येक मशीनवर ते पाकीट होतं: नारळ-लोण्याच्या चवीचे मक्याचे कुरकुरे, ज्यांच्या नावाचा अर्थ शहाण्यासारखं वाग असा होतो. पाकीट हिरवंच हवं. पिवळं किंवा लाल ठेवलं तर मशीनचे दिवेही त्या रंगाचे होतात. तारीख संपली की बदलायचं. आणि मशीनवरचं पाकीट कोणी खायचं नाही. सगळे इंजिनियर होते; कोणी मानत नव्हतं, कोणी काढतही नव्हतं.

त्याने कॉम्प्युटर पुन्हा उभा केला, कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली बोट घातलं, ते किंचित वर उचललं आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. दिवा विझला. तलाव आला.

"वजन," तो म्हणाला. "टोक खाली लोंबतं आणि खाचेतले दात सुटतात."

"मग इतकी वर्षं नाही लोंबलं ते?"

तो बोटाच्या खाली पाहू लागला. तळाशी धूळ साचली होती, सगळीकडे सारखी. फक्त कार्डाखाली छोट्या उशीच्या आकाराचा एक चौकोन लख्ख होता.

"इथे काय होतं?"

पेइशान सोफ्याची चादर सारखी करू लागली.

"तुझ्या आईचं पाकीट."

"मग गेलं कुठे?"

"तारीख संपली होती. संपलेलं ठेवलं की मशीन बिथरतं, हे तुझी आईच सांगते."

"टाकलंस?"

"खाल्लं."

त्याचं बोट निसटलं. स्क्रीन काळी झाली.

"खाल्लं?"

"काल संध्याकाळी. मऊ पडले होते. काचेतून रोज तुझ्या आईचं पाकीट बघत कशाला बसू मी?"

दर वर्षी भुतांच्या महिन्यात, मेलेली माणसं परत येतात म्हणतात तेव्हा, म्हातारी नवं पाकीट घेऊन यायची. आधी फ्रीज उघडून बघायची, मग पडदे चिमटीत धरून बघायची, मग गुडघ्यांवर बसून पाकीट बदलायची. या वर्षी भुतांचा महिना आला आणि गेला. दाराची बेल वाजली नाही.

चेंगयेनने आईला फोन लावला.

"आई, सगळे पाकीट वर ठेवतात. तू आत का कोंबायचीस?"

"वर ठेवलं की ती उचलून कपाटात टाकायची," फोनमधून म्हातारीचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "म्हणून आत फट दिसली तिथे दाबलं. हात घालायला अवघड. का रे? तिच्याकडे आहेस का? जेवलास? ती जेवली का?"

"ठेवतो, आई."

पेइशान खिडकीबाहेर बघत होती. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

"योगायोग," तो म्हणाला. "काहीही चाललं असतं तिथे."

"मग लाव ना काहीही."

त्याने खोडरबर लावलं; बुटकं पडलं. कागदी रुमालांचं पुडकं दबून सपाट झालं. चॉपस्टिक पंख्यात अडकून तिचे दोन तुकडे झाले. पेइशानने तुकडे बघितले, पायात चपला सरकवल्या आणि खालच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा हातात एकच पाकीट होतं, हिरवं, हवेने टम्म फुगलेलं. त्याने हात पुढे केला. तिने दिलं नाही. गुडघ्यांवर बसली आणि त्या लख्ख चौकोनावर स्वतःच दाबून बसवलं.

त्याने बटण दाबलं. दिवा विझला. तीन मजले उभे राहिले आणि उभेच राहिले.

आराखड्याची पानं एकेक करून कारखान्याला जाऊ लागली. चेंगयेन दाराशी बूट घालत होता.

"उद्या लोखंडी टेकू आणून देतो. मग ते पाकीट काढून टाक."

"नको."

त्याने एक लेस बांधली.

"आईंना सांग," ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "तारीख पुढच्या भुतांच्या महिन्यात संपते."

"मग?"

"मग काय? सांग."

"सांगतो." त्याने दुसरी लेस बांधली, ती आधीपासूनच बांधलेली होती. "आणि हे खाऊ नकोस."

दार लागलं. आता फक्त अभ्यासिकेचं पान राहिलं होतं. तिने स्क्रीनवरच्या कागदी कॉम्प्युटरवर लियाओ साहेबांचं हिरवं पाकीट ठेवलं, दिसेल असं. मग ते तिथून उचललं, आत कागदी कार्डाखाली सरकवलं आणि बाजूची कागदी काच लावली.

पाकिटावर तारखेची जागा तिने कोरी ठेवली. तिकडे बदलायला कोण येणार होतं.