पाहुण्यांचा गोल

सिंधु लातूरच्या एका खाजगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. माहेर देगलूरचं. कॉलेजात असताना ती नांदेडच्या मैदानांवर गोलकीपर म्हणून खेळली होती. लग्नानंतर ते सुटलं. सोड असं कुणी म्हणालं नव्हतं, नुसतंच सुटलं. पस्तिशी उलटल्यावर तिची स्वतःचीच साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालण्याचा तिला मनापासून कंटाळा.

"मला चालायचं न्हाई, खेळायचंय," ती नवऱ्याला म्हणाली. विनोदचं पाण्याच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं दुकान होतं. खेळ की, कोण नको म्हणतंय, असं म्हणून तो तांब्याच्या तारेत परत डोकं घालून बसला.

पण खेळायचं कुठं? औसा रोडवरच्या टर्फच्या मैदानावर रोज संध्याकाळी तिच्या वयाचे पुरुष पोटं सांभाळत फुटबॉल खेळायचे. तिथल्या मॅनेजरनं सांगितलं की मोठ्या बायकांसाठी झुंबा आहे. पुरुषांच्याच एका ग्रुपला तिनं विचारलं तर ते अदबीनं हसले. ताई, लागलं-बिगलं तर आमच्यावर येईल, म्हणाले. महिनाभर ती अशीच विचारत फिरली. मग एके दिवशी मोबाइलवर जाहिरात दिसली: महिला फुटबॉल लीग, वयाची अट नाही, टीम नसली तरी नाव द्या. तिनं लॅबमध्ये उभ्या उभ्याच नाव दिलं.

लीग भरवणारा शिवशंकर नगरसेवक होण्याच्या तयारीत होता. फोनवर गोड बोलायचा, प्रत्येकीला ताई म्हणायचा. सरावासाठी त्यानं एका शाळेचं मैदान मिळवून दिलं, दोन बॉल दिले आणि नंतर तिकडं फिरकला नाही. कोच वगैरे कुणी नव्हता, म्हणून सिंधुच शिकवू लागली. तिच्या टीममध्ये तारामती होती, एसटीत कंडक्टर. चालत्या गाडीत वर्षानुवर्षं उभं राहून तिचे पाय असे घट्ट झाले होते की तिला धक्का देणारीच खाली पडायची. पहिल्या सकाळी तारामतीनं मारलेला बॉल सिंधुच्या तळहातांवर आदळला आणि हात मनगटापर्यंत झिणझिणले. त्या दिवशी लॅबमध्ये सुई धरताना तिची बोटं दुखत होती, आणि ती दिवसभर खुशीत होती.

सामन्यांचा दिवस आला. मैदान म्हणून जे सांगितलं होतं ते एका मंगल कार्यालयाचं लॉन निघालं. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं. हिरव्या गालिच्यावर पनीरचा रस्सा सांडून वाळला होता, भाताची शितं पायाखाली चिकटत होती. कोपऱ्यात कुत्री उष्ट्या पत्रावळ्या ओढत होती. सिंधु गोलमध्ये जाऊन उभी राहिली तर एका खांबाला कुणीतरी गुटख्याची पिंक मारलेली, ती खाली ओघळून जाळीपर्यंत गेलेली. तिनं झाडून घ्यायला सांगितलं. एक माणूस आला आणि त्यानं त्या सगळ्यावर गुलाबाचं अत्तर फवारलं. आंबलेल्या रश्शात गुलाब मिसळला तसं तिनं नाकाला बाही लावली. लॅबमध्ये ती रोज काय काय हाताळायची, पण तिथं निदान कुणी त्याच्यावर अत्तर मारत नव्हतं.

मग साड्या आल्या. शिवलेल्या तयार नऊवारी, प्रत्येक पिशवीवर हात जोडलेल्या शिवशंकरचा फोटो. बुटांवर ह्याच नेसून खेळायचं, असं ठरलं होतं म्हणे. कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. सिंधु म्हणाली की आम्ही ट्रॅक पँटवर सराव केलाय, गोलकीपरला झेप घ्यावी लागते. शिवशंकरनं तिला बाजूला घेतलं. ताई, फोटो चांगले येतात, आपली संस्कृती दिसते, आणि झेप घ्यायची वेळ येतीच कुठं, असं तो समजावत राहिला. बाकीच्या बायकांकडं तिनं पाहिलं. दोघीतिघी रंगावरून वाद घालत होत्या, एकीला जांभळी हवी होती. त्यांचाही तिला राग आला. तारामतीनं साडी पँटवरून चढवली आणि म्हणाली, "नेस. एकदा बॉल सुरू झाला की कोण बघतंय." सिंधुनंही तशीच चढवली.

बॉल सुरूच होईना. प्रमुख पाहुणे उन्हं चढल्यावर आले. भाषणं झाली. माइकवरच्या निवेदकानं प्रत्येकीचं नाव नवऱ्याच्या नावासकट पुकारलं आणि मध्ये मध्ये, वहिनी लाटणं घरी ठेवून आल्या का, असले विनोद केले. खुर्च्यांवरचे पुरुष प्रत्येक वेळी हसले. शेवटी जाहीर झालं की उद्घाटनाचा पहिला गोल पाहुणे मारतील. गोलमध्ये सिंधु.

पाहुणे पांढऱ्या कपड्यांत, तोंडात तोबरा. त्यांनी बॉल मारला तो सरपटत सरळ तिच्याकडे आला. तिनं काही विचार केला नाही. खाली वाकून उचलला. तिचे हात तेवढंच शिकले होते.

खुर्च्यांवरचे पुरुष पाहुण्यांकडे बघू लागले. निवेदक म्हणाला की वहिनींनी चेष्टा केली, आता पुन्हा एकदा. शिवशंकर कॅमेऱ्याकडे हसत तिच्याजवळ आला आणि ओठ न हलवता बोलला.

"ताई, पाहुण्यांचा मान ठिवा. सोडून द्या की."

"मग मी कशाला उभी हाय हितं?"

"फोटोला."

त्याच्या तोंडाला सुपारीचा वास होता. सिंधुनं बॉल उचलला, चालत जाऊन पाहुण्यांच्या पायाशी नीट ठेवला आणि गोल सोडून बाजूला, कुंपणाजवळ जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता हा माणूस ओशाळेल. मोकळ्या गोलकडं बघून हसेल, बॉल कुणाकडं तरी ढकलून देईल. साठीचा माणूस, नातवंडांचा आजोबा असणार.

त्यांनी बाजूला थुंकून तोंड मोकळं केलं, दोन पावलं मागं घेतली आणि रिकाम्या गोलमध्ये बॉल मारला. मग दोन्ही हात वर केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या टीममधल्या काहींनीही.

तिथं सिंधुला उमासा आला. ती कुंपणापलीकडं जाऊन सकाळचं सगळं ओकली. तारामतीनं तिची पाठ धरली, बाटलीतलं पाणी दिलं.

सामना नावाला खेळवला गेला. शिट्टी वाजली, दोन बायका साडीत अडकून पडल्या, त्याचे फोटो निघाले, परत शिट्टी वाजली. मग डीजे लागला. दोन्ही टीमला सारखीच ट्रॉफी मिळाली. सिंधुनं आपली ट्रॉफी तिथंच खुर्चीवर ठेवली आणि साडी घडी घालून तिच्याखाली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ फिरू लागला. तिनं अडवलेला बॉल त्यात नव्हताच. पाहुण्यांची लाथ, जाळीतला बॉल आणि मग कुठूनतरी आणून जोडलेला तिचा चेहरा, गोल झाल्याबद्दल चुकचुकल्यासारखा. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुमीच का त्या गोल सुटलेल्या?" ती त्याच्या दंडाला पट्टा बांधत राहिली. घरी विनोदनं व्हिडिओ पाहिला. त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. चांगली दिसायलीस की, म्हणाला. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोकळ्या गोलचंही. त्यानं व्हिडिओ परत लावून पाहिला. मग त्यानं मोबाइलवरच्या त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर, जिथं लोक अंगठे पाठवत होते, लिहिलं की माझ्या बायकोनं तो बॉल अडवला होता, तेवढं कापलंय. दोघंजण ग्रुपमधून निघून गेले.

महिन्याभरानं शिवशंकरचा फोन आला. पुढच्या वर्षी लीग मोठी करायची, नांदेडच्या टीमही येतील, पोस्टरवर तुमचा चेहरा घेऊ. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझा चेहरा तुम्ही वापरला की. आता न्हाई," म्हणाली आणि फोन ठेवला.

खेळ मात्र सुटला नाही. तारामतीनं जागा शोधली, जनावरांचा बाजार भरतो तो माळ, बाजार नसेल त्या सकाळी. सरावातल्या जेमतेम निम्म्या बायका आल्या. जांभळ्या साडीवाली आली, हे सिंधुला अनपेक्षित होतं. सुरुवातीला सिंधु तिच्याशी नीट बोललीही नाही. दगड रचून गोल केले. शेणात पाय पडले, कुणी नाक मुरडलं नाही.

पहिल्याच डावात जांभळ्या साडीवालीनं लांबून एक बॉल हाणला. सिंधुनं उजवीकडं झेप घेतली, कोपर सोललं, आणि बॉल दगडाला चाटून आत गेला. खराखुरा गोल. ती बाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली, जणू हातून काहीतरी मोडलं होतं.

"आता माझ्यावर मार परत," सिंधु मातीतून उठत म्हणाली. "जोरात मार."