बाप्तिस्म्याचा चिमटा

आमच्या आल्टेनब्रुकच्या राजघराण्यात मान वाटून दिलेले आहेत. कुणाकडे तलवार धरायचा मान, कुणाकडे मुकुटाच्या पेटीची किल्ली. माझ्याकडे चिमटा. बाप्तिस्म्याच्या वेळी घरातली सगळ्यात मोठी बाई बाळाला हातात धरते, बिशप त्याच्या डोक्यावर पाणी ओततात आणि त्याच क्षणी ती झग्याखालून बाळाच्या मांडीला सणसणीत चिमटा काढते. बाळ रडतं, आणि रडण्याबरोबर सैतान निघून जातो, असं जुनी माणसं म्हणत. दाराबाहेर कान लावून उभा असलेला घंटेवाला ते रडणं ऐकतो आणि घंटा ओढतो. चौकातले लोक टोप्या उडवतात. तेव्हापासून ते बाळ गादीचं वारस.

सैतानावर माझा विश्वास नाही, पण चिमट्यावर होता. आज ड्यूक असलेल्या माझ्या पुतण्याला, आल्ब्रेख्टला, मीच काढला होता. तो अजून माझ्या शेजारी बसताना खुर्ची जरा लांब ओढून घेतो.

यंदा मात्र गाठ पडली ती त्याच्या बायकोशी. सुनिव्हा नॉर्वेची, जनावरांची डॉक्टर. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन माझ्या खोलीत आली.

“ओटिली आत्या, तुम्ही हिला चिमटा काढायचा नाही.”

“अगं, रीत आहे ती आपली.”

“वासराला सुई टोचायची तरी मी आधी त्याची मान चोळते. ही तर माझी पोर आहे. मला वचन द्या.”

पोरीने माझ्याकडे बघून बोळकं पसरलं. ही हेडविग रडतच नाही. भूक लागली तरी हसते, कुत्रा भुंकला तरी हसते. मी विरघळले आणि वचन देऊन बसले.

सकाळी नाश्त्याला ते काझिमिरच्या कानावर गेलं. काझिमिर माझा धाकटा भाऊ, सत्तरी उलटली तरी मिशीला मेण लावणारा. मुलींना गादी द्यायचा कायदा नुकताच झाला, नाहीतर आल्ब्रेख्टनंतर ती त्याच्याकडेच जायची.

“मला गादी नको,” तो खसखशीचा केक तोंडात कोंबत म्हणाला. “मला रीत हवी. आपले पणजोबा रडले नाहीत, घंटा वाजली नाही. पुढे काय झालं? नदीपलीकडचा सगळा मुलूख गेला.”

“तो त्यांनी पत्त्यांत घालवला, काझिमिर.”

“घंटा वाजली असती तर पानं चांगली आली असती.”

“काका, आणि उद्या लोक हिला वारस मानणारच नाहीत का?” सुनिव्हाने विचारलं.

“मानतील की. तोंडावर. पाठीमागे म्हणतील, आधीच मुलगी, त्यात बिनघंटेची.”

मला त्याचा असा संताप आला! पण तो खोटं बोलत नव्हता. आमच्या लोकांना कायदा कळत नाही, घंटा कळते. पणजोबांना ते गेल्यावरही लोक ‘बिनघंट्या’च म्हणतात. या हसऱ्या पोरीच्या कपाळी जन्मभर तेच यायचं होतं, तेही माझ्या वचनामुळे.

चर्चमध्ये मी तिला धरून उभी राहिले. तिच्या अंगात घराण्याचा पिवळा पडलेला लेसचा झगा, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी ओला केलेला. उजवीकडे काझिमिर, लष्करी पोशाखात. ती पांढरी विजार त्याने तिशीत शिवली होती आणि अजून तीच घालायचा हट्ट होता. आमच्यात बाळाला गेलेल्या सगळ्या आज्या-पणज्यांची नावं देतात. ती वाचता वाचता बिशपांना धाप लागली. मग त्यांनी पाणी ओतलं.

हेडविगने जीभ बाहेर काढून थेंब पकडला आणि खुदकन हसली.

बिशपांनी जरा जास्त पाणी ओतलं. ती आणखी हसली, पाय झाडायला लागली. आल्ब्रेख्ट बुटांकडे बघत होता आणि सुनिव्हा माझ्याकडे.

“काढ चिमटा,” काझिमिर कुजबुजला.

“नाही काढणार.”

“मग मी काढतो.” आणि तो वाकला. त्याचा हात झग्याकडे आला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरीला डाव्या हातावर तोललं, उजवा झग्याखालून काढला आणि काझिमिरच्या त्या ताणलेल्या विजारीला मागून, इतक्या वर्षांच्या सरावाने, असा चिमटा काढला की काय सांगू!

माझा भाऊ किंचाळला. त्याचा आवाज मुळात बारीक. त्यामुळे लष्करात त्याच्या हुकमांना शिपाई हसायचे. ती किंचाळी घुमटात जाऊन परत आली, आणि बाहेर घंटा घणाणली.

बिशपांनी घाईघाईने आमेन म्हटलं. सगळ्यांनी पाहिलं होतं, पण कुणीही काही पाहिलं नाही असं सगळ्यांचं नजरेनेच ठरलं.

आतल्या खोलीत सुनिव्हाने झगा वर करून पोरीच्या दोन्ही मांड्या बघितल्या. लाल ठिपकासुद्धा नव्हता. तिने मला घट्ट मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारत नाहीत, हात पुढे करतात. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग सज्ज्यावर जायची वेळ झाली. खाली सगळा चौक भरलेला. काझिमिर लंगडत आला, तोंड मिटून. त्याने फक्त खरं सांगायचा अवकाश, घंटा खोटी ठरली असती.

खालून एक भाजीवाली ओरडली, “काय खणखणीत आवाज आहे हो पोरीचा!”

काझिमिर पुढे सरसावला. हेडविगने हात लांब करून त्याची मिशी धरली, मेणासकट. तो तिच्याकडे बघत राहिला. तिने मिशी ओढली आणि हसली. त्याने तिला माझ्याकडून घेतलं, चौकाला दिसेल अशी उंच धरली आणि त्या बारीक आवाजात जमेल तेवढं ओरडला, “आमच्यावर गेलीय!”

टोप्या उडाल्या. काझिमिर माझ्या कानाशी वाकला.

“ओटिली, नखं काप.”